धारणीला निघालेल्या सोनूला

सोनू,

फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितेय. तू म्हणालीस, आई, मला फील्डवर्कसाठी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात पाठवतायत, कोरकू आदिवासींच्या गावांमध्ये, साक्षरतेचं काम आहे, आणि मी बरं बरं म्हणून फोन पप्पांच्या हातात दिला. रागावले नव्हते गं. बायबल स्कूलला जायचं हे आपण सगळ्यांनी प्रार्थना करूनच ठरवलं होतं ना, मग आता मी कोण अडवणारी.

एकच सांगते आणि मग तो विषय काढणार नाही. रात्र झाली तर गाडीत झोपायचं नाही. पाटलाच्या घरी, अंगणवाडीताईकडे, कुठेही माणसांत झोप, पण गाडीत नाही.

आता कामाचं. तुला हिब्रू-ग्रीकचा कंटाळा येतो म्हणतेस, पण पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून त्याच दोन भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकामुलींनी स्वतः छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. साध्या बाईला समजेल असं मराठी हवं हा त्यांचा हट्ट होता. आपली आजी वाचायला शिकली ती म्हातारपणी, महिला मंडळातल्या बायकांनी शिकवलं म्हणून, आणि सगळ्यांना वाटलेलं ती आधी योहानाचं शुभवर्तमान काढेल, तर तिने काढलं रेशनकार्ड! बोट ठेवून ठेवून वाचलं आणि दुकानदाराने न दिलेली साखर दिलीय म्हणून लिहून ठेवलेली तिने पकडली. दुसऱ्या दिवशी पदर खोचून दुकानात. त्यानंतर शुभवर्तमानही वाचलं, रोज, मोठ्याने, तुझ्या आत्याची झोपमोड करत. तू तिच्यावरच गेलीयेस, हनुवटी वर करून बोलायची सवयसुद्धा तिचीच.

म्हणून म्हणते, तिथल्या बायकांना आधी त्यांच्या कामाचं वाचू दे. जॉबकार्डावर किती दिवस भरलेत, बाळाच्या कार्डावर वजन किती लिहिलंय, 2006 च्या वनहक्क कायद्याच्या दाव्यात आपलं नाव बरोबर आहे का. मेळघाटात कुपोषण म्हटलं की सगळे पेपरात फोटो बघतात, पण ते कार्ड आईला स्वतःला वाचता आलं तर किती फरक पडेल.

आणि सुरुवात कोरकूतूनच कर. ती मराठीच्या जवळची भाषा नाहीच, मुंडा कुळातली, संथाळीच्या नात्यातली. 2011 च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर लोकांनी ती आपली भाषा म्हणून सांगितलीय, तरी पहिलीत बसलेल्या लेकराच्या कानावर गुरुजींचं मराठी पडतं आणि ते गप्प बसतं, मग आपण त्याला मठ्ठ म्हणतो. मी इतकी वर्षं शाळेत काढली, अशी गप्प बसलेली मुलं खूप पाहिलीत. ओळखीचा शब्द, त्याचं चित्र, मग अक्षर. घरच्या भाषेत देवनागरी बसली की मराठीचा पूल आपोआप लागतो. ते अमेरिकन मिशनरी फ्रँक लॉबॅक 1930 च्या सुमारास फिलिपाइन्समध्ये मारानाव लोकांत असेच चित्रांचे तक्ते घेऊन बसले होते, आणि जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकवायचं हा त्यांचा नियम, पुढे ते भारतातही आले तक्ते घेऊन. तुमच्या सरांनी सांगितलंच असेल. दिवाळीनंतर माणसं कामाला बाहेर पडतात ती होळीलाच परत येतात, मधल्या काळात वर्ग ओस पडला तर रडू नकोस, होळीनंतर परत बसव.

अट मात्र कशालाही घालायची नाही. प्रार्थनेला आलात तर पाटी मिळेल, असलं काही तुझ्या तोंडून निघता कामा नये, बरोबरच्या कुणी केलं तरी तू उठून ये तिथून. गेल्या गेल्या पाटलाला भेट, भुमकालाही, म्हणजे त्यांच्या पुजारी-वैद्यालाही भेट, मान दे. कुणी विचारलं तर ख्रिस्ती आहे म्हणून सरळ सांग, लपवायचं काय त्यात, संविधानाचं कलम 25 सगळ्यांसाठी आहे. पण त्यांनी ऐकलंच पाहिजे असा आपला हक्क नाही. पलीकडे लागूनच मध्य प्रदेश, तिकडे 2021 चा धर्मांतरविरोधी कायदा आहे, हद्दीवरच्या गावात जाताना सिनियरना विचारून जा... बघ परत लेक्चर सुरू झालं, सॉरी, तुला हे सगळं माहितीये.

माझ्या डोक्यातून ते जात नाही सोनू. जानेवारी 1999, तुझा दादा पोटात होता, आणि ते ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन पोरं, फिलिप दहा वर्षांचा, टिमथी सहा, ओडिशात मनोहरपूरला गाडीत झोपलेली असताना जाळली. बारीपदाला ते कुष्ठरोग्यांची सेवा करायचे. चर्चमध्ये नाव वाचलं तेव्हा मला उभं राहता येईना. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारणाऱ्यांना क्षमा केली, पुढेही वर्षानुवर्षं तिथेच काम केलं, 2005 ला सरकारने पद्मश्री दिली. त्यांच्याबद्दल बोलताना आपले पास्टरकाका माझ्याकडे बघतात असं मला हल्ली वाटतं. मी तेवढी मोठी नाही गं. मला माझी मुलगी हवीय.

तरी जा. परवा उपासनेनंतर सगळ्यांना मीच सांगत होते, आमची सोनू कोरकू शिकतेय, आणि मंदामावशीने विचारलं भीती नाही वाटत का, तर नाही म्हणाले.

नेटवर्क नसणार हे माहितीये. पावसात रस्ते बंद होतात तेव्हा तर नाहीच. रेंजमध्ये आलीस की आधी घरी मेसेज, मग बाकीचं. मच्छरदाणी नेशीलच, ताप आला तर अंगावर काढायचा नाही, आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासायचं. सोलरचा दिवा दादा पाठवतोय, पूर्ण पत्ता पिनकोडसकट कळव. आणि मुक्काम कुणाच्या घरी आहे ते नावासकट कळव, म्हणजे गाडीत नाहीस हे मला समजेल.

आई