सूट, टाय आणि कुत्रा

चि. मिहिर,
अनेक आशीर्वाद.

मुलाखतीला नवा सूट चढवून निघालास आणि घरमालकीणबाई हसत म्हणाल्या, 'पुटिंग ऑन द डॉग, आर वी?' यात कुत्रा कुठून आला, म्हणून तू परवा फोनवर धुसफुसत होतास. मागून तुझी आईही तावातावाने बोलत होती, त्यामुळे धड काही सांगता आलं नाही.

ती शिवी नाही. समोरच्यावर छाप पडावी म्हणून थाटमाट करणं, थोडक्यात तुम्ही मुलं म्हणता तसं शायनिंग मारणं. कपड्यांना म्हणतात, मेजवानीला म्हणतात, पाहुणे येणार म्हणून काढलेल्या ठेवणीतल्या कपबश्यांनाही म्हणता येईल. थोडी चेष्टा असतेच त्यात, पण ती मायेची की खोचक, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाचायचं.

गंमत म्हणजे हा शब्दप्रयोग तुझ्या शेजारचाच. अमेरिकेतल्या तुझ्या हार्टफर्डहून तासाभरावर न्यू हेवन, तिथल्या येल कॉलेजातला. लायमन बॅग नावाचा पोरगा 1869 साली तिथून पदवीधर झाला आणि 1871 मध्ये त्याने 'फोर इयर्स अ‍ॅट येल' हे पुस्तक काढलं. त्यात कॉलेजच्या पोरांची बोली नोंदवताना तो 'डॉग'चा अर्थ देतो: स्टाइल, भपका. आणि 'पुट ऑन डॉग' म्हणजे झगझगीत प्रदर्शन करणं. मधला 'द' तेव्हा नव्हता.

पण कुत्राच का? बहुतेक ठिकाणी तुला एकच गोष्ट सापडेल: अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर नव्याने श्रीमंत झालेल्या बायका मांडीवर छोटी कुत्री घेऊन मिरवायच्या, त्यावरून हे आलं. दुसरे म्हणतात, गळ्याला काचणाऱ्या ताठ कॉलरवरून. ऐकायला दोन्ही छान, पण पुरावा कशालाच नाही. मला विचारशील तर पोरांनी कट्ट्यावर काहीतरी फेकलं आणि ते चिकटलं. आपल्याकडे 'भाव खाणे' म्हणताना कोण विचारतो, कसला भाव आणि खाल्ला कसा?

येलचा प्रसिद्ध बुलडॉग, हँडसम डॅन, यात ओढू नकोस. तो आला 1889 मध्ये, म्हणजे शब्द छापून झाल्यावर 18 वर्षांनी. बॅगला मात्र कुत्र्यांचं खरंच वेड. पुढे त्याने कार्ल क्रॉन या नावाने 'टेन थाउजंड माइल्स ऑन अ बायसिकल' हे सायकलप्रवासाचं जाडजूड पुस्तक 1887 मध्ये काढलं. सायकलीच्या त्या पुस्तकातही त्याने आपल्या लाडक्या बुलडॉगला जागा दिली आहे! असा माणूस मला आवडतो.

बाईंवर रुसू नकोस. दुसऱ्या फेरीलाही तोच सूट घाल, फक्त टाय जरा साधा बांध. व्हिडिओत पाहिला, तुझ्या आत्याच्या लग्नातला मंडप आठवला. बाकरवडी कुरिअरने पाठवली आहे, अर्धी बाईंना दे.

तुझा,
बाबा