तुरटीच्या कोंबडखताने जमीन खरोखर बिघडते का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रॉयलर शेडमधील अमोनियाचा उग्र वास कमी करण्यासाठी लिटरवर (कोंबड्यांखाली अंथरलेला भुसा व विष्ठेचा थर, जो पुढे कोंबडखत म्हणून वापरतात) तुरटी टाकावी, असा विषय निघाला की ‘अॅल्युमिनियममुळे जमीन नापीक होईल’ ही शंका शेतकरी हमखास काढतात. कोंबडखत विकत घेऊन वापरणारा बागायतदार म्हणून ही शंका मलाही रास्त वाटत होती. मात्र तिचे उत्तर अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात प्रत्यक्ष शेतावर शोधले गेले आहे आणि ते आपल्याकडे फारसे पोहोचलेले नाही.

तिथे कोंबडखतातून नद्या व तलावांत वाहून जाणारे स्फुरद (फॉस्फरस) ही मोठी समस्या होती. फेएटव्हिल येथे अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी 1995 मध्ये फेस्क्यू गवताच्या वाफ्यांवर साधे कोंबडखत, तुरटीयुक्त कोंबडखत आणि अमोनियम नायट्रेट हे रासायनिक खत यांची दीर्घकालीन तुलना सुरू केली. मातीतील विनिमयक्षम, म्हणजे मुळांना घातक ठरू शकणारे अॅल्युमिनियम तुरटीयुक्त खताच्या वाफ्यांत नव्हे, तर अमोनियम नायट्रेटच्या वाफ्यांत वाढलेले आढळले. याचे कारण सामूत (मातीची आम्लता दाखवणाऱ्या pH च्या आकड्यात) आहे. अॅल्युमिनियम मातीत मुळातच विपुल असते, पण सामू साडेपाचच्या खाली घसरू लागला की ते विरघळून मुळांना इजा करते. अमोनियमयुक्त रासायनिक खताने जमीन आम्लधर्मी होत गेली. कोंबडखतात मात्र खाद्यातून आलेला चुना असल्याने, तुरटी मिसळूनही, सामू खाली गेला नाही.

स्फुरदाच्या बाबतीत तुरटीतील अॅल्युमिनियम पाण्यात विरघळणाऱ्या स्फुरदाला धरून ठेवते. शेजारी-शेजारी असलेल्या दोन लहान पाणलोटांची तुलना केली असता, तुरटीयुक्त खताच्या पाणलोटातून पावसाच्या पाण्यासोबत वाहून जाणारे स्फुरद सुमारे तीन चतुर्थांशाने घटले. मात्र एकूण स्फुरद यामुळे कमी होत नाही. ते जमिनीतच साठत राहते. म्हणून डोळे झाकून दरवर्षी ट्रॉल्या टाकणे तुरटी वापरूनही चुकीचेच आहे. उलट अमोनिया कमी उडाल्याने नत्र (नायट्रोजन) खतातच टिकते, त्यामुळे तेवढ्याच नत्रासाठी कमी खत पुरते, हा फायदा आपले बागायतदार हिशेबात धरत नाहीत.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. ही तुरटी म्हणजे न्हाव्याकडील खडा नव्हे, तर जलशुद्धीकरण केंद्रांत वापरतात ते अॅल्युमिनियम सल्फेट. ते लिटरच्या वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के लागते.

आर्कान्साचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या जमिनीला लावणेही मला योग्य वाटत नाही. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू मुळातच जास्त असल्याने तिथे अॅल्युमिनियमची भीती जवळपास निराधार आहे. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत मात्र स्फुरद आधीच लोह व अॅल्युमिनियमला जखडलेले असते. तेव्हा राहुरी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांनी दोन्ही प्रकारच्या जमिनींत याचे काही वर्षे सलग प्रयोग करून, सामू, विनिमयक्षम अॅल्युमिनियम आणि उपलब्ध स्फुरद यांचे आकडे शेतकऱ्यांसमोर मराठीत मांडावेत, ही नम्र विनंती.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, निफाड