बाबा, लघवी तपासून घ्या

ऐरोली

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं होत नाही. मी दोन वाक्यं बोलते तोवर आई रडायला लागते आणि बाबा "जेवलीस का" एवढंच विचारून फोन परत आईकडे देतात. म्हणून हे पत्र. आई, तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

आधी माझी तब्येत. ब्लॅडरमधली, म्हणजे मूत्राशयातली, कॅन्सरची गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली. रिपोर्टमध्ये हाय ग्रेड आलंय, म्हणजे गाठ आडदांड जातीची. पण ती ब्लॅडरच्या अस्तराखालच्या थरापर्यंतच पोचली होती, स्नायूत शिरली नव्हती. शिरली असती तर अख्खं ब्लॅडर काढायच्या गोष्टी सुरू झाल्या असत्या. काही मागे राहिलं नाही ना, हे बघायला पुन्हा भूल देऊन तीच जागा खरवडली. आता बीसीजी चालू आहे. होय आई, तीच टीबीची, बाळांच्या डाव्या दंडावर टोचतात ती. मला ती नळीने थेट ब्लॅडरमध्ये सोडतात. ते अशक्त केलेले जंतू आत गेले की शरीराची प्रतिकारशक्ती खवळते आणि उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशींवरही तुटून पडते. 1976 साली कॅनडातल्या डॉक्टरांनी हा उपाय पहिल्यांदा मांडला. माझ्यासारख्यांना अजूनही आधी हाच देतात.

आठवड्याला एक, असे सहा डोस. औषध सोडल्यावर दोन तास लघवी धरून ठेवायची. मी ठाण्यातच हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून ते दोन तास काढते, कारण निघाले आणि विटाव्याला गाडी अडकली तर काय करणार? मग सहा तास प्रत्येक लघवीनंतर, त्यातले जंतू मरावेत म्हणून, कमोडमध्ये ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एकच संडास असलेल्या घरात यावरून काय महाभारत होतं ते तुमच्या जावयांना विचारा. त्या रात्री जळजळ, कणकण, सारखं उठणं. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मी माणसात येते. हा कॅन्सर परत परत उगवणारा आहे, त्यामुळे पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आत कॅमेरा घालून बघणार. ते मी करून घेईन, त्याची काळजी नको.

आता बाबा, तुमच्याशी.

तुम्ही ह्यांना फोनवर म्हणालात, "माझ्याच कपड्यांनी पोरीला हे दुखणं दिलं." ह्यांनी मला सांगितलं. मला आपले कळव्यातले दिवस आठवले. तुम्ही रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यातून यायचात ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. आई तुमचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि मोरीतून जाणारं पाणी कधी हळदीसारखं, कधी लालभडक. तुमच्या उशीच्या अभ्र्याला घामाचा पिवळा डाग कायमचाच. ते कपडे मीही पिळलेत, खरं आहे.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, एका माणसाला हा रोग नेमका कशाने झाला हे सांगता येत नाही. सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर. त्याच्यानंतर रंगाच्या कारखान्यातली काही रसायनं, बेंझिडीन वगैरे. ती श्वासातून, कातडीतून रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात आणि ती लघवी तासन्‌तास ब्लॅडरमध्ये साठून राहते. म्हणून घाव तिथेच. फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने रंग-कामगारांमधला हा कॅन्सर 1895 सालीच दाखवून दिला होता. जे जर्मनीत तेव्हा ठाऊक होतं ते ठाणे-बेलापूर रोडवर तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? हातमोजे तरी धड दिले होते का? मग अपराधी तुम्ही कसे? त्या पगारावर आम्ही दोघं शिकलो. हा विषय माझ्याकडून संपला, तुम्हीही संपवा.

मला काळजी वेगळीच आहे. परवा आई बोलता बोलता म्हणून गेली, "ह्यांना मध्ये लालसर झालं होतं, उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी दिलं, थांबलं." आई, माझंही असंच झालं होतं. ना दुखलं, ना खुपलं. एक दिवस लाल, मग कित्येक दिवस स्वच्छ. आमच्या इथल्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या, त्या संपल्यावर दुसऱ्या. पाळी जायचं वय, म्हणून मीही तिकडेच बोट दाखवत होते. हा रोग पुरुषांत बायकांच्या तीन-चार पट, त्यामुळे बाईच्या बाबतीत चटकन कुणाच्या मनात येत नाही. पण बाबा पुरुष आहेत, वय अठ्ठ्याहत्तर, रंगाच्या कारखान्यात जन्म गेला, वर बिडी. त्यांना धने-जिरे देऊन कसं चालेल? रक्त आपोआप थांबलं म्हणजे मामला मिटला असं नसतं. आणि नोकरी सुटून वीस-पंचवीस वर्षं झाली म्हणून सुटकाही नसते, रसायनांचा हिशोब इतक्या उशिराही निघतो.

कदाचित प्रोस्टेट असेल, खडा असेल. असू दे, तेच निघो. पण लघवीची तपासणी, त्यात पेशींचीही, आणि भरल्या ब्लॅडरची सोनोग्राफी करूच. डॉक्टरांनी दुर्बीण सांगितली तर तीही. भूल न देता, जागा बधिर करून होते, मी केलीय, लाज सोडली तर सोसण्यासारखी आहे. डॉक्टरांना "रिटायर्ड" एवढंच सांगू नका. कुठल्या खात्यात होतात, कोणती पावडर हाताळायचात, सगळं सांगा. तुमच्याबरोबरचे गावाकडे परतलेले जे कुणी आहेत त्यांनाही फोन करा. त्यांना माझं नाव खुशाल सांगा, "मुलीला मुतखडा झालाय" हे आता पुरे.

दादा शनिवारी गाडी घेऊन देवरुखला येतोय. कारखान्याची जुनी कागदं पत्र्याच्या पेटीत असतील, ती घ्या. आमसुलं आणलीत तर बरं, इथली नुसती खारट. आणि आई, बाबा "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाले तर वाद घालत बसू नकोस. सरळ तू आधी गाडीत जाऊन बस. तुझ्याशिवाय ते गावात दोन दिवस राहायचे नाहीत.

तुमची,
सुमी