‘देश सेफ आहे का’ एवढंच विचारून निघू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुट्टीचा मोसम जवळ आला की आपल्या अंकात युरोप, थायलंड, दुबईच्या सहलींच्या जाहिराती वाढू लागतात. शिवाजी उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे आणि कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या निमित्ताने जर्मनीला जाणं-येणं असतं. त्यामुळे परदेशी निघालेली ओळखीची माणसं हटकून विचारतात, “दादा, तिकडं सेफ हाय काय? रात्री फिरलं तर चालतंय काय?” काळजीपोटीच विचारतात. पण याला नुसतं हो किंवा नाही म्हटलं की माणूस भलत्याच गोष्टीला भिऊन निघतो आणि खऱ्या धोक्याकडे त्याची पाठ राहते. म्हणून हे पत्र.

आपण देशाची सुरक्षितता खुनाच्या बातम्यांवरून ठरवतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात २०२१ साली जगात लाख लोकांमागे ५.८ खून झाल्याची नोंद आहे. फ्रान्स, इटली, स्पेन, जर्मनी या देशांचा आकडा त्याहून कितीतरी खाली, आपल्या देशापेक्षाही कमी आहे. पण याच पॅरिसमध्ये पाकीटमारांच्या टोळ्यांना कंटाळून लुव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी एप्रिल २०१३ मध्ये काम बंद ठेवलं होतं आणि मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरचे दरवाजेही त्याच कारणाने बंद राहिले होते. तिथे पर्यटकाच्या जिवाला फारसा धोका नाही, धोका आहे तो खिशाला. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत आपला हात आपसूक खिशावर जातो, तसाच तो बार्सिलोनाच्या ला राम्ब्ला रस्त्यावर आणि रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर जायला हवा. पण परदेश म्हटलं की सगळं शिस्तीचं, या समजुतीने तो जात नाही.

आमच्या बरोबरच्या एका उद्योजकाची बॅग जर्मनीत रेल्वेत चढताना गेली. एकाने पायरीवर वाट अडवून रस्ता विचारला, तेवढ्यात दुसऱ्याने मागच्या मागे बॅग लांबवली. विमानाचा रात्रभरचा प्रवास, दोन्ही हातांत सामान, डोळ्यांवर झोप. चोर अशाच माणसाच्या शोधात असतो, म्हणून पोचल्यानंतरचा पहिला तास मी सगळ्यात जोखमीचा मानतो. बॅगेत पासपोर्ट होता. पोलिसांत तक्रार, तिचा कागद घेऊन फ्रँकफर्टचा भारतीय वाणिज्य दूतावास, तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट फक्त भारतात परत येण्यापुरतं चालतं. पुढे इटलीला जायचं ठरलेलं असलं तरी तो बेत तिथेच संपतो. त्यांचं काम लवकर झालं, कारण पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो त्यांच्या दुसऱ्या बॅगेत होते. विम्याचे पैसेही बहुतेक पॉलिसींमध्ये पोलीस तक्रारीशिवाय मिळत नाहीत, त्यामुळे ‘जाऊ दे, कुठे ठाण्यात जायचं’ हा आपला स्वभाव तिकडे महागात पडतो.

काही जण अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रवाशांसाठीच्या इशाऱ्यांची यादी बघून देश निवडतात. तिच्यात धोक्यानुसार देशांच्या चार पायऱ्या असतात, पहिली सगळ्यात कमी धोक्याची. २०२५ मध्ये भारत दुसऱ्या पायरीवर होता आणि फ्रान्स, जर्मनीही दुसऱ्याच! नुसत्या आकड्यावरून कुणी काय ठरवायचं? त्याखालचा मजकूर मात्र जरूर वाचावा. कोणता भाग, कोणती वेळ, कशा प्रकारचा गुन्हा हे तिथे लिहिलेलं असतं. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावरही प्रत्येक देशाची अशी माहिती फुकट मिळते. बँकॉकला ‘राजवाडा आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो’ म्हणणारा टुकटुकवाला थेट रत्नांच्या दुकानात नेतो, हे असं आधी वाचलेलं असलं तर माणूस त्याच्याबरोबर जात नाही. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा ११५५ हा नंबर किती सहल कंपन्या प्रवाशांना देतात? युरोपात ११२ चालतो, हे तरी सांगतात का?

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. परदेशात आपणच गुन्हेगार ठरू शकतो. खसखशीवर संयुक्त अरब अमिरातीत बंदी आहे आणि आपल्याकडे कित्येक घरांत कांदा-लसूण चटणीत खसखस पडतेच. लेकाला दुबईला चटणी धाडणाऱ्या आईला हे कुणी सांगितलेलं नसतं. दुसऱ्याची पुडी तर कुणाचीही घेऊ नये, अगदी नातेवाइकाचीही. मुंबईचं एक जोडपं २०१९ मध्ये नातलग बाईने दिलेलं पाकीट घेऊन कतारला उतरलं. त्यात चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली आणि निर्दोष सुटून घरी यायला २०२१ साल उजाडलं.

आणि आमच्या भागातली तरुण पोरं! आमच्याच शॉपमधल्या एका ऑपरेटरला मोबाइलवर मेसेज आला होता, ‘बँकॉकमध्ये डेटा एंट्री, राहणं-खाणं फुकट, टुरिस्ट व्हिसावर या.’ तो मला विचारायला आला म्हणून थांबला. अशा नोकऱ्यांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच सावध केलं होतं. या पोरांना थायलंडमधून म्यानमारच्या हद्दीत नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या तपासता येतं. अडकलेल्यांच्या घरच्यांना ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते, तेही २०१५ पासून सुरू आहे. गावाकडे किती जणांना ही नावं माहीत आहेत?

फौंड्रीवाल्यांचं, म्हणजे ओतकामाच्या धंद्याचं, गिफा प्रदर्शन २०२७ मध्ये पुन्हा जर्मनीत ड्युसेलडॉर्फला भरणार आहे. कोल्हापुरातून बरेच जण जातील, काही जण पहिल्यांदाच. उद्योजक संघटनांनी त्यांच्यासाठी मराठीत एक पानी माहितीपत्रक छापावं. जवळचा भारतीय दूतावास, पोलिसांचा नंबर आणि पासपोर्ट हरवला तर करायच्या गोष्टी त्यात क्रमाने असाव्यात. सहल कंपन्यांनी असंच पान तिकिटाबरोबर द्यावं. आपणही सहलींच्या जाहिराती छापता त्या दिवसांत एका देशाची अशी माहिती चौकटीत द्यावी, ही विनंती. सुरुवात थायलंडपासून केलीत तर बरं होईल.

आपला नियमित वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर