आवाहन : गल्लीतले सात बिडाचे दिव्याचे खांब

सर्व रहिवाशांना सप्रेम नमस्कार.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबई शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्यात रुंद रस्त्यांच्या वसाहती आखल्या गेल्या. आपली कॉलनी त्यातलीच. बाहेरच्या रस्त्यावरचे दिवे बेस्ट बघते, आतली गल्ली मात्र आपली. म्हणून तिथले सात जुने खांब अजून उभे आहेत.

ते कुणामुळे टिकले हे नव्या मंडळींना कळायला हवं. खांब भंगारात द्यायचं जवळजवळ ठरलं होतं, तेव्हा पाच नंबरचे मास्तर भर सभेत उभे राहिले आणि पेन्शनच्या पैशांतून पहिले दोन खांब त्यांनी रंगवून घेतले. मास्तर आज नाहीत. तीन नंबरच्या वहिनींनी दिवाळीला चकल्या विकून उरलेल्या पाचांचा रंग आणला. वाणीकाकांनी सगळ्या काचा दिल्या, वर पावतीवर नाव नको म्हणाले. आपले वायरमनदादा वीस वर्षं मजुरी न घेता होल्डर बदलत राहिले. आता ते गावी असतात, तरी फोन आला की आधी दिव्यांचीच चौकशी करतात.

गेल्या पावसाळ्यात पिंपळाजवळचा खांब बुडाशी तडकला. बीड साध्या वेल्डिंगला दाद देत नाही, तेवढा भाग नव्याने ओतून घ्यावा लागेल. बाकी सहांना गंज धरलाय. वायरिंग, अर्थिंग सगळंच बदलायचंय. मुलं याच खांबांना धरून गोल फिरतात, त्यामुळे हा नुसता शोभेचा प्रश्न नाही. दिवे पिवळसर उजेडाचेच बसवू. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे दिवे लागले तेव्हा आपणच किती हळहळलो होतो!

गणपतीत हेच आवाहन फळ्यावर लावलं होतं. ११२ घरांपैकी ९ घरांनी पैसे दिले. त्याच आठवड्यात कमानीच्या रोषणाईची वर्गणी दोन दिवसांत जमली. वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

खर्च ₹१,४०,०००, हाती ₹३१,५००. घरटी किमान ₹१,०००, भाडेकरूंनीही द्यावेत. चेक संघाच्या नावे, यूपीआय कोड फळ्यावर, रोख दिल्यास पावती घ्यावी. कार्यालय संध्या. ७ ते ८.३०, सोमवारी बंद. काम मेअखेर, पावसाआधी संपायलाच हवं. येत्या रविवारी सकाळी ८ वाजता वीज बंद करून गंज खरवडायचा आहे. जुने कपडे घालून यावे, पॉलिश पेपर आम्ही देऊ.

आपला,
सचिव, रहिवासी संघ