काकूंच्या रिपोर्टमधले ते दोन शब्द

प्रिय सुधीर,

परवा फोनवर तू विचारलंस, "हे प्लाक आणि टँगल्स म्हणजे नेमकं काय रे? डॉक्टर घाईत होते, मी नुसती मान डोलावली." तेव्हा मला धड बोलता आलं नाही. तुझा आवाज ऐकून माझाच गळा दाटून आला होता. म्हणून आज लिहायला बसलोय. माझी सगळी नोकरी मायक्रोस्कोपपुढे गेली आणि बाबांची शेवटची सात वर्षं याच अल्झायमरच्या आजारात गेली. दोन्हीकडून जे कळलं ते सांगतो.

नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाई दाखल झाल्या. डॉक्टर आलोइस अल्झायमर त्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरं जशीच्या तशी टिपून ठेवत. नाव? "ऑगुस्ट." आडनाव? "ऑगुस्ट." नवऱ्याचं नाव? "मला वाटतं, ऑगुस्ट." हे वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं, बाबांचंही असंच व्हायचं. १९०६ मध्ये त्या बाई गेल्या. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी मेंदू तिकडे मागवून घेतला, पातळ काप केले आणि चांदीच्या क्षारांनी रंगवले. काकूंच्या रिपोर्टमधल्या दोन्ही गोष्टी त्या कापांत होत्या.

मी अशा स्लाइड खूप पाहिल्यात. पिवळसर तपकिरी रंगावर चांदी जिथे धरते तिथे काळं दिसतं. प्लाक म्हणजे पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत साचलेला डाग. आत घट्ट गाभा, कडा विस्कटलेल्या, आणि भोवती सुजून वाकडी झालेली चेतातंतूंची टोकं. टँगल मात्र पेशीच्या आत असतो, दिव्याच्या ज्योतीसारखा निमुळता, काळ्याभोर धाग्यांचा गुंता. काही ठिकाणी पेशी कधीच मरून विरून गेलेली असते, तिचा गुंता तेवढा तिच्याच आकारात मागे उरलेला दिसतो. बाबा गेल्यानंतर अशी पहिली स्लाइड समोर आली, तेव्हा मी ती बाजूला ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

प्लाक बनतो बीटा-अमायलॉइडचा. चेतापेशीच्या आवरणात आरपार रोवलेलं एक मोठं प्रथिन असतं, आणि ते ठरावीक दोन ठिकाणी कापलं गेलं की हा छोटा तुकडा सुटतो. हे तुझ्या-माझ्या मेंदूतही रोज होतं आणि रोज साफही होतं. बिघडतं ते साचू लागल्यावर. त्यातही ४२ अमिनो आम्लांचा तुकडा जास्त चिकट, तो एकमेकांना धरून बसतो. टँगल होतो टाऊ या प्रथिनाचा. पेशीच्या आत माल वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. परांचीचे बांबू दोरानं आवळून बांधतात ना, तसा टाऊ त्या नळ्यांना धरून ठेवतो. त्याच्यावर प्रमाणाबाहेर फॉस्फेट चढलं की हा दोर सुटतो. नळ्या खिळखिळ्या होतात, आणि सुटलेले दोर एकमेकांत पिळून त्यांचा गुंता होतो.

आता तुझ्या मनातलं. काकू दहा मिनिटांत चार वेळा "किती वाजले" विचारतात आणि तू चिडतोस, मग रात्रभर स्वतःला दोष देतोस. सुधीर, हे गुंते वाटेल तिथे होत नाहीत. ब्राक या शास्त्रज्ञ पती-पत्नींनी १९९१ मध्ये त्यांचा क्रम मांडला: सुरुवात हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावरच्या भागातून, मग हिप्पोकॅम्पस, आणि मेंदूचा बाकीचा पृष्ठभाग बराच उशिरा. नवी आठवण हिप्पोकॅम्पसमध्ये घडते. तू दिलेलं उत्तर काकू विसरत नाहीत, ते त्यांच्याकडे नोंदलंच जात नाही. प्रत्येक वेळी त्या पहिल्यांदाच विचारत असतात. आणि तुझ्या शाळेच्या पहिल्या दिवसाची गोष्ट त्या बारकाव्यांसकट सांगतात, कारण इतक्या जुन्या आठवणी पृष्ठभागावर दूरवर पसरून मुरलेल्या असतात.

"आधी का नाही लक्षात आलं" हेही सोडून दे. अमायलॉइड साचायला लागतं ते पहिल्या लक्षणाच्या पंधरा-वीस वर्षं आधी. तेव्हा काकू घर, नोकरी, सगळ्यांची दुखणी एकट्या सांभाळत होत्या. काय दिसणार होतं तुला?

खरा गुन्हेगार कोण, यावर खूप भांडणं झाली. अमायलॉइडपासून सगळं सुरू होतं हा विचार १९९२ मध्ये हार्डी आणि हिगिन्स यांनी ठामपणे मांडला, आणि आनुवंशिक पुरावा त्या बाजूचा आहे. त्या मोठ्या प्रथिनाचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं. डाउन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र तीनदा असतं, म्हणून त्या लोकांना हे डाग फार लवकर पडतात. पण डाग किती, यावरून विस्मरण किती ते कळत नाही. गुंत्यांवरून बरंच कळतं. कोलंबियातल्या एका बाईंची हकीकत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या घराण्यात चाळिशीतच हा आजार गाठतो. त्यांच्या मेंदूत अमायलॉइड भरपूर, टाऊ मात्र जेमतेम, आणि त्यांची स्मरणशक्ती सत्तरीपर्यंत बरीच टिकली. एका दुर्मीळ जनुकबदलानं त्यांना वाचवलं असावं. माझं मत विचारशील, तर सुरुवात अमायलॉइड करतं आणि माणूस हिरावून नेतो तो टाऊ.

औषधाचं तू विचारलंस. लेकानेमॅब नावाचं औषध अमायलॉइडचे डाग खरंच साफ करतं, अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. चाचणीत १८ महिन्यांत घसरण २७ टक्के मंदावली. थांबली नाही, मंदावली. ते अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी आहे, आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असल्यानं पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. काकूंचा टप्पा कोणता, आणि एपीओई-४ जनुकाची तपासणी करायची का (ते असेल तर धोका वाढतो), हे न्यूरोलॉजिस्टना स्पष्ट विचार. यावेळी उभ्या उभ्या नको, वेगळी वेळ माग. हवं तर मी बरोबर येतो.

रविवारी येतोच आहे. एक कर, मी आत आल्यावर काकूंना "ओळखा पाहू कोण आलंय" असं विचारू नकोस. बाबांना आम्ही सगळे ते विचारायचो, आणि ते बिचारे ओशाळून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहायचे. माझं नाव मीच सांगेन, आणि मग त्यांच्याकडून तुझ्या शाळेची गोष्ट ऐकू.

तुझा,
विनय