आई-बाबा, मला एक सत्र उशीर होतोय

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबांना नीट ऐकू येत नव्हतं आणि आई, तू मधे मधे त्यांना सांगत होतीस तेवढ्यात मूळ मुद्दा निसटला. म्हणून पत्र लिहिते आहे. आई, तू बाबांना वाचून दाखव, आणि आकडे आले की जरा थांबून वाच. ते त्यांच्यासाठीच आहेत.

आधी तेच सांगते जे फोनवर सांगायला जीभ रेटत नव्हती. पदवी या सत्रात पूर्ण होणार नाही. पुढच्या सत्रात होईल. म्हणजे मी कायमची परत येईन ती ठरल्यापेक्षा साधारण पाच महिने उशिरा. मी नापास झालेली नाही, पैसे संपलेले नाहीत, तब्येतही बरी आहे. हा निर्णय मी स्वतः, तीन आठवडे विचार करून घेतला आहे, आणि का घेतला ते तुम्हाला नीट कळावं असं मला फार वाटतं.

बाबा, आता हिशोब. पदवीला १२० क्रेडिट लागतात. माझे ९७ झाले आहेत, २३ बाकी आहेत. त्यात सांख्यिकीचे ४, जलविज्ञानाचे ४, शेवटच्या प्रकल्पाचे ६, दोन ऐच्छिक विषयांचे मिळून ६ आणि खगोलशास्त्राचे ३. माझा पहिला बेत होता की सगळे २३ एकाच सत्रात उरकायचे. अठराच्या वर क्रेडिट घ्यायचे तर सल्लागार प्राध्यापकांची सही लागते, म्हणून मी अर्ज घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी सही द्यायला नकार दिला नाही. फक्त एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, आठवड्याचे तास मांडून दाखव.

क्रेडिट म्हणजे मुळात वेळेचं माप आहे. एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्गात आणि त्यावर किमान दोन तास वर्गाबाहेरचा अभ्यास धरतात. युरोपात मोजायची रीत वेगळी, तिथे वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम धरतात. पण तिथेही मोजतात ते तासच. बाबा, तुम्हाला गंमत वाटेल, या मापाच्या इतिहासात पेन्शन आहे. अमेरिकेत १९०५ साली अँड्र्यू कार्नेगीने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. त्या योजनेत कुठलं कॉलेज घ्यायचं हे ठरवायला संस्थेला एक समान माप हवं होतं, आणि प्रवेशाआधी विद्यार्थ्याने शाळेत किती तास शिकलेलं असावं याची एकके तिथून रूढ झाली. कॉलेजातल्या तासांची मोजणीही त्याच काळात पक्की होत गेली. तुम्ही उभा जन्म इतरांच्या पेन्शनच्या फायली बघितल्यात, म्हणून हे वाचताना मला तुमची फार आठवण झाली.

तर कागदावर मांडलं. २३ गुणिले ३ म्हणजे ६९ तास. ग्रंथालयातलं माझं काम १६ तास. झाले ८५. आठवड्याचे तास १६८, त्यातून झोपेचे ५६ वजा. उरले २७. म्हणजे जेवण, आंघोळ, जाणं-येणं, कपडे धुणं, तुम्हाला फोन करणं, आजारी पडणं या सगळ्याला मिळून रोजचे चार तासही नाहीत. मी तो कागद बराच वेळ बघत बसले. त्या काहीच बोलल्या नाहीत.

आणि मला रसायनशास्त्राची वही आठवली. ही गोष्ट मी तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती, आज सांगते.

शिक्षण पुन्हा सुरू केल्यावर दुसऱ्याच सत्रात मी १९ क्रेडिट घेतले होते. वयाच्या एकतिसाव्या वर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांबरोबर बसायचं, तर गेलेली वर्षं भरून काढली पाहिजेत असं डोक्यात घट्ट बसलं होतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत प्रयोगाची वही कशी सुरेख होती! तक्ते पट्टीने आखलेले, प्रत्येक आकड्यापुढे एकक, खाली निष्कर्ष. नवव्या आठवड्याच्या पानावर नुसते आकडे. एका ठिकाणी २४.६ लिहिलेलं होतं आणि सरांनी त्याभोवती पेन्सिलने गोल करून बाजूला एकच शब्द लिहिला होता, ‘काय?’ परीक्षेच्या आदल्या रात्री मी त्या पानापाशी अडकले. २४.६ काय? मिलिलिटर, अंश सेल्सियस, की दोन वाचनांमधला फरक? अक्षर माझंच. आकडाही मीच लिहिलेला. पण तो कुठून आला हे मला सांगता येईना.

त्या विषयात मला बी मिळाला. तुम्ही आनंदाने सगळ्यांना सांगितलंत आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण मला त्यातलं काही येत नव्हतं. त्याच सत्रात दुसरा एक विषय दहाव्या आठवड्यात सोडावा लागला. त्याची गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ अशी नोंद आहे. विषय सोडला, एवढाच तिचा अर्थ, सरासरीत ती धरत नाहीत. लोक त्या डब्ल्यूला घाबरतात. मला त्या डब्ल्यूचं काही वाटत नाही, त्या बीचं वाटतं. आता जलविज्ञानात पाण्याच्या नमुन्यांचं पृथक्करण आहे, म्हणजे तेच रसायनशास्त्र पुन्हा समोर येतंय, आणि ते मला पहिल्यापासून शिकावं लागणार आहे. घाईने उरकलेला विषय पुढे असा व्याजासकट उभा राहतो.

म्हणून असं ठरवलं आहे. या सत्रात सांख्यिकी ४, प्रकल्पाचा पहिला भाग ३, एक ऐच्छिक ३ आणि खगोलशास्त्र ३, एकूण १३. पुढच्या सत्रात जलविज्ञान ४, प्रकल्पाचा दुसरा भाग ३ आणि राहिलेला ऐच्छिक विषय ३, एकूण १०. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून गणलं जायला १२ लागतात आणि माझी शिष्यवृत्ती त्यावर आहे. पण शेवटच्या सत्रात पदवीला तेवढेच बाकी असतील तर परवानगी घेऊन कमी चालतात. ती परवानगी मी लेखी घेतली आहे. बाबा, लेखी. तोंडी शब्दावर राहिलेले नाही.

आता आईचा प्रश्न. एका विषयाला ग्रेडऐवजी ‘पी’ येईल असं मी म्हटलं, तेव्हा तू विचारलंस, ‘पी म्हणजे काय गं, काठावर पास?’

आई, तुझी भीती मला कळली. दादाच्या मुलीच्या गुणपत्रकावर तू जो पी बघितलास तो वेगळा आहे. तिथे विद्यापीठ अनुदान आयोगाची १० गुणांची श्रेणी आहे. ओ म्हणजे १०, मग ए प्लस ९, असं उतरत उतरत पी म्हणजे ४. तो पी खरंच उत्तीर्णातला सगळ्यात खालचा आणि तो सरासरीत धरला जातो. माझ्याकडचा पी म्हणजे मी तो विषय ‘पास-फेल’ या पर्यायाने घेतला. मग मला त्यात नव्वद टक्क्यांचं काम जमो की साठ, कागदावर पीच येणार. क्रेडिट जमा होतात, सरासरी आहे तिथेच राहते. बाबांच्या भाषेत, रक्कम जमेला धरली पण टक्केवारी काढताना वगळली. मात्र नापास झालं तर आमच्याकडे ते शून्य सरासरीत मोजतात, म्हणजे हा पर्याय घेऊन झोपा काढता येत नाहीत.

हा पर्याय मी फक्त खगोलशास्त्राला घेते आहे. लहानपणी गच्चीवर झोपताना बाबा सप्तर्षी दाखवायचे आणि त्यावरून ध्रुव कसा शोधायचा ते सांगायचे, तेव्हापासून हा विषय मला शिकायचा होता. त्यात भौतिकशास्त्र आहे आणि माझं भौतिकशास्त्र कच्चं आहे. ग्रेडच्या धास्तीने मी तो दोनदा टाळला. तिसऱ्यांदा टाळला तर पदवी संपेल आणि तो राहूनच जाईल. हा पर्याय मुळात यासाठीच आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने १९६९ साली अभ्यासक्रम बदलला तेव्हा विद्यार्थ्याला कुठलाही विषय ग्रेडशिवाय घ्यायची मुभा दिली, म्हणजे मुलं आपल्या कुंपणाबाहेरचं काही शिकायला धजावतील. एमआयटी या अमेरिकेतल्याच तंत्रज्ञान संस्थेने त्याच सुमारास पहिल्या वर्षाच्या मुलांना ग्रेड देणं थांबवून बघितलं, नव्या जागी रुळायला त्यांना वेळ मिळावा म्हणून. २०२० च्या साथीत तर कितीतरी विद्यापीठांनी ते सत्रच्या सत्र पास-फेलवर नेलं. तेव्हा पी ही कुणी चोरून घेतलेली सवलत नव्हे.

सांख्यिकीला मात्र मी तो घेणार नाही, आणि इथे माझं माझ्या मैत्रिणींशीही पटत नाही. सगळ्या म्हणतात, अवघड विषय आहे, पी घे आणि मोकळी हो. पण एक तर तो माझ्या मुख्य विषयांत मोडतो. त्यासाठी खास परवानगी काढावी लागेल. आणि दुसरं, माझ्या आधीच्या तुकडीतल्या एका मुलीने तशी परवानगी काढली होती. पुढे पदव्युत्तर प्रवेशाला गेली तर त्यांनी सांख्यिकीची ग्रेड मागितली. पी म्हणजे तिला नक्की किती येतं हे त्यांना कसं कळावं? तिला तो विषय पदरचे पैसे भरून पुन्हा करावा लागला. मला पुढे पाण्यावरच काम करायचं आहे. ज्या विषयावर उद्या पोट भरायचं, त्यात मी कुठे उभी आहे हे मला स्वतःला कळायला हवं. सी आला तरी चालेल.

आणि सी आला तर काय होईल तेही काढून बघितलं. माझी सरासरी ९७ क्रेडिटवर ४ पैकी ३.४२ आहे. चार क्रेडिटच्या विषयात सी म्हणजे २ गुण पडले तर ती ३.३६ होते. बी पडला तर ३.४०. बाबा, तुम्ही पुन्हा पडताळून बघा, पण मी दोनदा केलं आहे. इतक्या क्रेडिटनंतर एका विषयाने सरासरी फारशी हलत नाही. हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री मी शांत झोपले असते. दादाच्या मुलीला हे नक्की सांगा, पण हेही सांगा की पहिल्या वर्षी उलटं असतं. हातात क्रेडिट कमी असतात, तेव्हा एकेक विषय सरासरीला चांगला हिसका देतो, म्हणून ओझं कमी घ्यायचं ते सुरुवातीलाच.

इतकं सगळं पटूनसुद्धा मी तीन आठवडे अर्जावर सही केली नाही, ती तुमच्यामुळे.

आई, तुझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकत आलाय. बाबांचं ऐकणं कमी झालंय. मी आले की शस्त्रक्रिया करू, असं तू दर वेळी म्हणतेस, आणि माझ्या एका सत्राने ते आणखी पाच महिने पुढे जातंय. एका रात्री मी २३ क्रेडिटचा अर्ज पुन्हा भरून ठेवला होता. वाटलं, ६९ तर ६९, काढू कसेतरी. मग लक्षात आलं की त्या वेळापत्रकात मी एक दिवससुद्धा तुमच्याकडे येऊ शकले नसते. तुला दवाखान्यात नेलं असतं आणि मी इथे कुठल्यातरी प्रयोगशाळेत एकक न लिहिता आकडे उतरवत बसले असते. तेरा क्रेडिट म्हणजे ३९ तास, काम धरून ५५. त्यात माणसाला उठून घरी येता येतं. सत्राच्या मध्यावर नऊ दिवसांची सुट्टी आहे. ग्रंथालयात माझ्या पाळ्या बदलून घ्यायला एक जण तयार आहे, मी विचारून ठेवलं आहे.

तेव्हा आई, माझ्या पदवीसाठी डोळा थांबवू नकोस. दादाला सांगून डॉक्टरांची वेळ घ्या आणि त्या नऊ दिवसांतली पहिली किंवा दुसरी तारीख मिळते का बघा. सुट्टीच्या तारखा दादाला पाठवल्या आहेत. डोळ्यात थेंब घालायचे काम पहिला आठवडा माझ्याकडे. नंतरचं वेळापत्रक बाबांनी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावावं, त्यांचं अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे.

विषय नोंदवायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. पास-फेलचा पर्याय त्यानंतरही चौथ्या आठवड्यापर्यंत बदलता येतो, पण मी बदलणार नाही. शुक्रवारच्या आधी तारीख कळवलीत तर ऐच्छिक विषय मी असा निवडेन की त्या सुट्टीला लागून त्याची परीक्षा नसेल. दोन पर्याय समोर ठेवले आहेत, तुमच्या फोनची वाट बघते.

तुमची,
धाकटी